शी म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

झाकण उचलायची त्यांची एक ठरलेली रीत होती. अंगठा आणि तर्जनी एवढीच कामाला, बाकीची बोटं हवेत. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं त्या पाण्याच्या ड्रमचं झाकण उचलायच्या, नाक आत घालायच्या आणि मान झटकन मागे घेऊन म्हणायच्या, "शी!"

शी पुष्कळ जण म्हणतात. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला सगळ्यालाच वास येतो. पण आमच्या डॉक्टरबाईंच्या शीला लांबी-रुंदी होती. शेंबड्या पोराला आखूड, लाडाची. गुटखा चघळत तपासायला आलेल्या माणसाला मधली, त्याला दारापर्यंत ढकलणारी. आणि खाडीच्या पुलावरून जाताना एक लांब, पोटाच्या तळातून आलेली, की रिक्षावाला मागे वळून विचारायचा, "उलटी आवे छे, बेन?"

दवाखान्याच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, खाली डिग्री होती. पण सुरतेत उधन्यापासून डिंडोलीपर्यंत लोक म्हणायचे शीबाई. "पोराला ताप आहे? शीबाईकडे ने." त्यांना हे माहीत होतं आणि चालत होतं. म्हणून मीही इथे त्यांचं खरं नाव घेत नाही. घेतलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि आवडलं नाही की त्या काय म्हणत हे आता तुम्हालाही ठाऊक आहे.

मी तेव्हा उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होतो. नाव भारदस्त, काम सोपं. पार्टी, म्हणजे साड्यांचा व्यापारी, कापडाचा एक तुकडा आणून देणार, तिच्या साड्यांना हुबेहूब तो रंग द्यायचा. अमळनेरला बी.एस्सी.ला गटांगळी खाल्ली होती, पण जेवढं रसायनशास्त्र डोक्यात उरलं होतं तेवढं मिलला पुरेसं होतं. थोरला भाऊ पॉवरलूमवर. वहिनी घरी मिलच्या साड्यांचे लोंबते धागे कापायची. आम्ही तिघं डिंडोलीत एका खोलीत राहायचो.

बाईंकडे पहिल्यांदा गेलो तो पोट बिघडलं म्हणून. त्यांनी नाडी बघायला हात हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. घाईघाईने छातीला नळी लावली. "मोठा श्वास घ्या. अजून मोठा." पापण्या ओढून बघितल्या, जीभ बघितली. रक्तात प्राणवायू कमी पडला की माणसाची नखं निळी पडतात, हे मला कुठून माहीत? मला वाटलं, आपलं काही खरं नाही. मी भात्यासारखा श्वास घेत सुटलो. मग त्यांचं लक्ष माझ्या कानाकडे गेलं. तोही निळा होता. शर्टाची कॉलरही.

"काय काम करता हो तुम्ही?"

"मिलमध्ये. रंगाचं. आज नेव्ही ब्ल्यूचा लॉट आहे."

त्यांनी स्पिरिटचा बोळा माझ्या नखावर घासला. बोळा निळा झाला, नख माणसाचं झालं.

"शी! आणि याच हाताने जेवता?"

"साबणाने धुतो की."

"कोणत्या?"

"मिलच्या."

त्यांनी तो बोळा चिमटीत धरून लांबून डब्यात टाकला. "मग पोटाला काय नावं ठेवता, बापा!" बाई वऱ्हाडातल्या. राग आला की बापा.

मिलचा साबण म्हणजे वडी नव्हे. कोरं कापड रंगवायच्या आधी धुवायला लागतो तो घट्ट, पिवळसर, नाकाला चिकटणारा द्राव. तो मोठमोठ्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांतून यायचा, आणि ड्रम रिकामा झाला की कामगार तो घरी न्यायचे. आमच्या सगळ्या वस्तीत दारोदार ते निळे ड्रम. नवा ड्रम घरी आला की फेस थांबेपर्यंत धुवायचा असा नियम होता. फेस थांबायचा नाही, धुणारा थांबायचा. मग त्यात प्यायचं पाणी. सुरुवातीचे काही दिवस चहावर बुडबुडे दिसायचे. आम्ही म्हणायचो, दूध बरं मिळालं आहे.

आठवलं की आज मला घशाशी येतं. तेव्हा आलं नाही. त्या घाणीत मी पगारी होतो, आणि पगारी माणसाला वास उशिरा येतो.

भावाला मलेरिया झाला तेव्हा बाई आमच्या घरी आल्या. रोग्याकडे बघायच्या आधी झाकण उचललं.

"शी! हे काय पिऊन राहिले हो तुम्ही?"

वहिनी घरात अहिराणी बोलायची आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी भाषा बदलायची नाही. "पानी शे, बाई. नळनं."

"नळाचं नाही, ड्रमचं पाणी आहे हे."

"नळ तासभर येस. मंग काय हातमा धरी बसू?"

बाईंनी झाकण परत ठेवलं. त्यांना उलट बोलणारी माणसं आवडायची, आणि वहिनी त्यांना त्या क्षणी आवडली असावी. दोन-चार दिवसांनी त्या रिक्षातून एक मातीचा माठ घेऊन आल्या. "प्यायचं यात. धुणंभांडी त्यात." पुढे वस्तीतल्या कितीतरी घरांत त्यांनी असे माठ आणून ठेवले. काही घरांनी माठात तांदूळ भरले आणि ड्रममधलं पाणी पीत राहिली. बाईंनी तेही बघितलं. ती शी मला अजून ऐकू येते.

मी एकदा विचारलं, "पण ड्रममुळे होतं काय?"

"माहीत नाही."

हे त्यांचं दुसरं पालुपद. डॉक्टर लोकांना हा शब्द उच्चारता येत नाही असा माझा समज होता. बाई तो सहज म्हणायच्या, भाजीवाल्याला पिशवी नको म्हणावं तसा.

"माहीत नाही, तर मग शी कशाला?"

"किळस यायला माहिती लागते का, मास्तर?"

मला त्या मास्तर म्हणायच्या, आणि त्या शब्दात मान नव्हता. त्याला कारण पिस्ता. झालं होतं असं की एका पार्टीने लग्नसराईसाठी पिस्ता रंगाच्या साड्या मागितल्या होत्या. मी मिलच्या ट्यूबलाइटखाली तुकडा आणि साडी शेजारी धरून बघितलं, रंग हुबेहूब होता. अख्खा लॉट पास केला. पार्टीने साड्या उन्हात नेल्या तर पिस्ता गेला आणि साचलेल्या डबक्यावरचं शेवाळं राहिलं. आमच्या धंद्यात हे होतं. दोन रंग एका उजेडात जुळे दिसतात, दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून शेड उन्हात नेऊन बघायची असते. त्या दिवशी मला उन्हाचा कंटाळा आला होता. त्या साड्या पुढे कितीतरी दिवस आमच्या वस्तीत स्वस्तात फिरत होत्या. गल्लीत कुठेही बघावं तर माझी चूक पदर खोचून भांडी घासत बसलेली.

बाईंना ही गोष्ट कळली आणि त्या खूश झाल्या. मला समोर बसवून पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाल्या, "बस, हेच. मी इतके दिवस शोधत होते कसं सांगावं."

आणि त्यांनी सांगितलं. बाईच्या अंगात एक संप्रेरक असतं. ते महिन्याच्या महिन्याला वाढतं आणि छातीतल्या पेशींना सांगतं, वाढा, पोर येईल, दूध लागेल. मग ते ओसरतं, पेशीही थांबतात. आता पेशी त्याला ओळखते कशी? शेड जुळवून. "आणि पेशीच्या घरात ऊन नाही, मास्तर. ट्यूबलाइटच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासारखीच ती फसते. बाहेरून आलेलं काहीतरी, साबणातलं, प्लास्टिकमधलं, फवारणीच्या औषधातलं, त्याची शेड थोडीफार तशीच. पेशी म्हणते, पास. आणि वाढते."

परदेशातल्या एका प्रयोगशाळेची हकिकत त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचली होती. तिथे कॅन्सरच्या पेशी नळ्यांत वाढवत होते. ज्या नळ्यांत ते संप्रेरक घातलेलंच नव्हतं, त्यांतल्या पेशीही एकाएकी वाढायला लागल्या. लोक चक्रावले. शोधता शोधता कळलं, नळ्या प्लास्टिकच्या होत्या आणि त्या प्लास्टिकमधूनच काहीतरी पाझरत होतं. साबणांच्याच गोतावळ्यातलं.

मी आमच्या ड्रमचा विचार केला. तोही प्लास्टिकचा, आणि त्यात साबण. दोन्हीकडून नातेवाईक.

"मग ड्रमने कॅन्सर होतो?"

"नळीतली पेशी वेगळी, बाई वेगळी. हे बाहेरचं तसं क्षीण असतं. पण अंगातलं येतं आणि जातं. बाहेरचं रोज थोडं थोडं येतच राहतं. दोघं एका बाईत भेटले की त्यांची बेरीज होते की गुणाकार, माहीत नाही." मग खिडकीतून बाहेर बघत, "शी."

त्याच्या आदल्या वर्षी प्लेग येऊन गेला होता. गावाला पळालेली माणसं परत आली तोवर शहर झाडून काढायला लागलं होतं. कचऱ्याचे ढीग गेले, गटारं उपसली, आणि आम्ही गावाकडच्या लोकांना ऐटीत सांगू लागलो की सुरत आता चकाचक आहे. एकट्या बाई खूश नव्हत्या. म्हणायच्या, "झाडूला लागते ती घाण मला चालते, बापा. तिला निदान लाज आहे, ती दिसते."

आता माझ्या मोठ्या पराक्रमाकडे येतो.

गणपतीत आमच्या मंडळातर्फे बाईंनी बायकांची तपासणी ठेवायचं ठरवलं. गाठ लवकर सापडली तर बाई वाचते, एवढंच त्यांना सांगायचं होतं. बोर्ड लिहायचं काम माझ्याकडे, कारण अक्षर बरं आणि रंग फुकट. "स्तनाच्या कॅन्सरची तपासणी, असं लिहा," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. ब्रश हातात घेतला आणि तो शब्द काही ब्रशमधून उतरेना. समोर गणपती, शेजारी मंडळाचे अध्यक्ष, वरून गल्लीतल्या माम्या-मावश्या. मी तोडगा काढला. ठळक लाल अक्षरात लिहिलं: छातीच्या विकारांची मोफत तपासणी.

सकाळी बाई आल्या तर मांडवात पुरुषांची ही रांग. सगळे लूमवाले. कापसाचे बारीक तंतू वर्षानुवर्षं छातीत भरलेले. कुणी खोकतोय, कुणी शर्टाची बटणं आधीच काढून तयार.

"बाई, माझी छाती बघा, जिना चढला की धाप लागते."

"बाई, माझी पण. बिडी सोडली तरी वाजते."

बायकांपैकी एकही नाही. छातीचे आजार पुरुषांचे, त्यांना काय त्याचं!

बाईंनी बोर्ड वाचला. मग मला वाचलं. "मास्तर, काय सांगितलं होतं मी?"

"ते... तसं... गणपतीपुढे कसं लिहिणार?"

"गणपतीला आई नाही?"

"आहे."

"मग म्हणा तो शब्द. मोठ्याने. जो म्हणता येत नाही तो आजार बाई सांगणार कुणाला?"

मी इकडे तिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी डोळे मिटले, सगळा धीर गोळा केला आणि तो शब्द ठणकावून म्हटला.

आरतीनंतर माइक बंद करायचं कुणालाच आठवलं नव्हतं.

चारी खांबांवरच्या कर्ण्यांतून तो शब्द डिंडोलीच्या गल्ल्यागल्ल्यांत गेला. खोकणारे खोकायचे थांबले. आणि मग घराघरांतून बायका बाहेर यायला लागल्या, पदरात तोंड खुपसून, एकमेकींना ढकलत, कोण हा गाढव ते बघायला. सगळ्यांच्या पुढे आमची वहिनी, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली.

बाईंनी संधी सोडली नाही. आल्या तशा सगळ्यांना मांडवामागच्या खोलीत घातलं. पुरुषांना म्हणाल्या, "थांबा इथेच, तुमच्या पण बघते." आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याही बघितल्या, प्रत्येक छातीला वेगळी शी देत. त्या दिवसापासून मी गल्लीत निघालो की पोरं तोंडासमोर मूठ धरून 'हॅलो, हॅलो' करायची.

खोलीत वहिनीची तपासणी झाल्यावर मात्र बाई बाहेर येऊन नळावर हात धूत राहिल्या. फार वेळ धूत राहिल्या. मी शीची वाट बघत होतो. ती आली नाही.

बाईंच्या हाताला लागलेली गाठ वहिनीला आधीपासून ठाऊक होती. दिवसभर साडीवरून बोटं फिरवत गाठी शोधायच्या आणि कात्रीने उडवायच्या, हेच तिचं काम. नजर दुसरीकडे असली तरी तिच्या बोटांना सुताची गाठ लागायची. अंगावरची लागणार नाही? बाईंनी विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, "साडीवर ऱ्हाती ते कापी टाकती. आंगवर शे, मंग काय करू?"

मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. एक बाजू गेली. भाऊ बाहेरच्या बाकावर बसून होता, आणि वस्तीतली माणसं भेटायला येऊन कारणं सांगत होती. मूलबाळ नाही ना, म्हणून झालं. अंगावर पाजलं नाही, म्हणून साचलं. वहिनीची चाळिशी जवळ आलेली, लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, आणि ही बोलणी तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

बाईंनी त्यातल्या एकीला धरलं. "पोर न होणं हेही एक कारण पुस्तकात दिलं आहे. पण पुस्तकात ते शिवीसारखं दिलेलं नाही. निघा."

मी बाईंना गाठून विचारलं, "खरं सांगा. आमच्या ड्रममुळे झालं?"

"माहीत नाही."

"काहीतरी सांगा की!"

"एका बाईच्या गाठीवर एका ड्रमचं नाव लिहिता येत नाही, मास्तर. कुणी लिहून दिलं तर तो खोटारडा समजा. तिचं अंग, तिचं वय, पोर नाही, पाणी, साबण, आणखी कायकाय. सगळं एकात एक मिसळलेलं. तुमच्या टाकीत चार रंग ओतल्यावर एकेक वेगळा काढून दाखवाल?"

"नाही."

"तेच. आणि याचीच मला शिसारी आहे. वेगळं काढता येत नाही म्हणून सगळे सुटतात."

त्या दिवशी परत येताना त्यांनी रिक्षा खाडीच्या पुलावर थांबवली. तुम्ही ती खाडी तेव्हा बघितली असेल तर मी काय सांगू, आणि नसेल तर काय सांगू! सकाळी ज्या मिलमध्ये जो लॉट असेल त्या रंगाचं पाणी. वर साबणाचा फेस, पिवळट, मनगटाएवढा जाड, वाऱ्याने त्याचे गोळे उडून कडेच्या झोपड्यांच्या पत्र्यावर बसायचे. खाली काहीतरी सतत आंबत असल्यासारखे फुगे. आणि वास असा की तोंड मिटलं तर नाकातून यायचा, नाक धरलं तर जिभेवर बसायचा. कडेला एक बाई त्यातच बादली बुचकळत होती. त्या दिवशीचा जांभळा माझा होता. मी तो ओळखला, तुकडा न बघता. शेड अगदी बरोबर होती.

बाईंनी मला मिलच्या शेठकडे घेऊन चला म्हणून सांगितलं. मी नेलं. शेठ वागायला चांगला माणूस. त्याने बाईंसाठी थंडा मागवला, प्लास्टिकची नळी घालून.

"बेन, आ तो फक्त रंग छे," शेठ हसून म्हणाला. "झेर थोडुं छे? पुरावो लावो, काले बंद करी दऊं."

"पुरावा हवा असेल तर आधी पुष्कळ बायका मराव्या लागतात, शेठ," बाई म्हणाल्या. "मग मोजता येतात. थांबू तोवर?"

शेठने माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघायला लागलो, जणू त्याची शेड जुळवायची ऑर्डर मला मिळाली होती. थंडा तसाच राहिला. पुढच्या महिन्यापासून मिलने आजारी कामगारांना मिलच्या खर्चाने बाईंकडे पाठवायची चिठ्ठी देणं बंद केलं.

वहिनीला एक गोळी सुरू झाली होती. रोज एक, काही वर्षं. बाईंनी तीही माझ्याच भाषेत समजावली. ही गोळीपण खोट्या शेडची. पण ही जाऊन पेशीच्या दारात नुसती बसून राहते, वाढ म्हणत नाही. खरं संप्रेरक आलं, बाहेरचं आलं, त्यांना बसायला जागाच नाही. मला हे फार आवडलं. मी मिलमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो. ज्याला सांगितलं तो हात तोंडासमोर धरून म्हणायचा, "हॅलो, हॅलो."

गोळीने वहिनीच्या अंगातून वाफा निघाल्यासारख्या व्हायच्या. साडी कापता कापता एकदम उठून दारात जाऊन उभी राहायची, पदराने वारा घालत. पाळी चुकायला लागली, मग बंद झाली. गल्लीतल्या बायकांनी कानात सांगितलं, ही गोळी बाईपण मारते, कूस सुकवते. वहिनी ऐकत ऐकत धागे कापत राहिली. दिसायला मात्र ती बरी दिसायला लागली. वाफा थांबल्या, चेहऱ्यावर तजेला आला. मी बाईंना आनंदाने सांगायला गेलो, की वहिनीला गोळी मानवली, आता काहीच त्रास होत नाही.

बाई खुर्चीतून उठल्याच. माझ्याकडे बघून त्यांनी आखूडही नाही आणि लांबही नाही अशी एक शी टाकली आणि तशाच चपला घालून निघाल्या. मी मागे निघालो आणि वाटेत मला कळलं की मी काय सांगून बसलो आहे: वाफा थांबल्या, म्हणजे गोळीच थांबली होती.

गोळ्या उतरंडीच्या मागे, जुन्या पदराच्या तुकड्यात बांधलेल्या निघाल्या. वहिनीने त्या टाकल्या नव्हत्या. औषध टाकायचं नाही, एवढं तिला कळत होतं. घ्यायचं मात्र नव्हतं.

मी दारात थांबलो. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. बाई जमिनीवर बसल्या. आमच्या घरात त्या कधी बसल्या नव्हत्या. उभ्यानेच यायच्या आणि उभ्यानेच जायच्या, जणू फरशी चावेल.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

वहिनीने गोळ्यांची पुरचुंडी परत बांधली. मग म्हणाली, "पाळी परत उनी, बाई." पाळी परत आली. आणि ते असं म्हणाली, जसं कुणी गावाहून यायचं होतं ते आलं.

बाईंच्या लक्षात आलं. माझ्याही आलं.

"पोर व्हई का मंग?" वहिनीने विचारलं.

"मी तुला खोटं सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "गोळी घेशील तोवर पोर नाही. गोळी सोडलीस तर होईलच असंही नाही. आणि गाठ परत यायची भीती आहे. किती भीती, ते माहीत नाही."

"तुमले काहीच माहीत नही."

"नाही. हे बघ, ती खाडी माझ्याने बंद झाली नाही. ड्रम गेले नाहीत. शेठने मला नळी घालून थंडा पाजायला बघितला. कशाने झालं हेसुद्धा तुला सांगता आलं नाही. एवढ्या सगळ्या किळसवाण्या कारभारात माझ्या हातात काय आहे तर ही गोळी. ही तू घेतलीस तर घेतलीस. मला दुसरं काही येत नाही."

वहिनी गुडघ्यात मान घालून बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. बाईंनी हात पुढे केला, तिच्या पाठीवर ठेवला, आणि तिथेच ठेवला. त्या कुणाला कामाशिवाय हात लावत नसत.

कितीतरी वेळाने वहिनीने पदराने नाक पुसलं. बाई शी म्हणाल्या नाहीत. वहिनी म्हणाली, "तुमी रोज येशात?"

"येईन."

"मन्हा भरोसा नही बाई, मी सोडी दिसू."

"म्हणून तर येईन."

त्या दिवसापासून बाई दवाखान्यात जाताना सकाळी आमच्या दाराशी थांबायच्या. आत यायच्या नाहीत. वहिनी गोळी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची आणि दाराकडे तोंड करून आ करायची. बाई वाकून बघायच्या. "जीभ वर. हां. गेली. मीट." आणि चालू लागायच्या. पावसात, तापात, कधी चुकल्या नाहीत. गल्लीतल्या लोकांना ती रोजची गंमत झाली होती. भाऊ तेवढा त्या वेळी पाठ फिरवून दाढी करत बसायचा. त्याचं काय गेलं हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मिलच्या चिठ्ठ्या बंद झाल्यापासून दवाखाना रोडावत गेला होता. शेवटी गाळेमालकाने तो गाळा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवाल्याला द्यायचं ठरवलं. बाईंनी भांडण केलं नाही. त्या आपल्या भावाकडे वऱ्हाडात निघून गेल्या. निघायच्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या आल्या, वाकून बघितलं, गेली म्हणाल्या. आज जाणार असं त्यांनी सांगितलंही नाही. ते आम्हाला गाळ्याची पाटी उतरलेली दिसल्यावर कळलं. पाटीमागच्या भिंतीवर तेवढाच चौकोन स्वच्छ राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी मिलला निघालो होतो, दारात चपला शोधत होतो. वहिनीने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि दाराकडे वळून आ केला. सवयीने. दारात कोणीच नव्हतं. बाहेर फक्त खाडीकडून येणारा तो वास. तिच्या लक्षात आलं असावं, पण तिने तोंड मिटलं नाही. डोळे दारावर, जीभ वर उचललेली, तशीच उभी राहिली.

मी चप्पल तिथेच टाकली आणि वाकून बघितलं. तोंडातलं मला काय कळतं! सगळं मला सारखंच दिसलं.

"गेली," मी म्हणालो.

मगच तिने तोंड मिटलं.